एनर्जी ड्रिंकची कलिंगडाची नवी चव: कोल्हापुरातील ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतील आमच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात रेड बुलच्या नेहमीच्या निळ्या-चंदेरी कॅनशेजारी कलिंगडाच्या चवीचा लाल कॅन लागल्यापासून काउंटरवर तेच ते प्रश्न येत असतात. क्लासला जाणारी मुले एक विचारतात, तालमीतले पैलवान दुसरेच विचारतात आणि मुलांना घेऊन आलेल्या पालकांची काळजी आणखी निराळी असते. गर्दीच्या वेळी प्रत्येकाला सविस्तर सांगणे जमत नाही, म्हणून ती उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. माल विकणे हा आमचा व्यवसाय असला, तरी काही प्रश्नांचे प्रामाणिक उत्तर ‘घेऊ नका’ असेच आहे आणि तेथे ते तसेच दिले आहे.

कलिंगडाचा कॅन म्हणजे नेमके काय? मूळ पेयापेक्षा त्यात काय वेगळे असते?

वेगळी असते ती चव, वास आणि रंग. थायलंडमध्ये क्रेटिंग डेंग नावाचे एक गोड, गॅस नसलेले पेय मिळत असे. ते चालेओ युविध्या यांनी तयार केले होते. ऑस्ट्रियाचे डीट्रिश माटेशिट्झ यांनी त्याच पेयात पाश्चात्त्य ग्राहकांच्या आवडीनुसार बदल करून, गॅस घालून, १९८७ साली ते रेड बुल या नावाने ऑस्ट्रियात बाजारात आणले. पुढे अनेक वर्षे या पेयाची एकच चव होती. २००३ मध्ये साखरविरहित प्रकार आला आणि फळांच्या चवींचे रंगीत कॅन त्यानंतरचे आहेत. आपल्याकडे त्यांपैकी पिवळा, म्हणजे मिश्र फळांचा, आणि लाल, म्हणजे कलिंगडाचा, असे दोन कॅन विशेष खपतात. कॅफीन, टॉरिन (अमिनो आम्लासारखा एक पदार्थ) आणि ब गटातील जीवनसत्त्वे हा मूळ साचा सर्व चवींत कायम राहतो. त्यामुळे ‘नवीन चव जास्त काम करते’ असे जे मित्रमंडळींत बोलले जाते, त्याला आधार नाही.

चव खरोखर कलिंगडासारखी आहे का?

पहिल्या घोटाला वास कलिंगडाचा येतो, मागोमाग आंबटपणा येतो आणि शेवटी जिभेवर तीच नेहमीची किंचित कडवट, औषधी छटा राहते. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या ढिगातून वाजवून निवडलेल्या कलिंगडाच्या फोडीशी तुलना केली तर मात्र निराशा होईल, आणि त्याला कारण आहे.

कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्याचा तो ताजा, थोडासा काकडीकडे झुकणारा वास फळ कापल्यावर गरातील विकरांच्या क्रियेतून तयार होणाऱ्या काही अल्कोहोल आणि अल्डिहाइड संयुगांमुळे येतो. ही संयुगे फार नाजूक असतात. रस टिकवण्यासाठी तापवला की तो वास बिघडतो आणि शिजवलेल्या भोपळ्यासारखा होतो. आंब्याचा किंवा पेरूचा डबाबंद रस सर्रास मिळतो, पण कलिंगडाचा क्वचितच दिसतो, त्याचे मुख्य कारण हेच आहे. म्हणून शीतपेयांतील कलिंगडाची चव फ्लेवर बनवणारे तज्ज्ञ वेगवेगळी सुगंधी द्रव्ये जुळवून बांधतात, आणि ती बांधताना फळापेक्षा कलिंगडाच्या गोळीच्या चवीकडे अधिक झुकतात. ग्राहकांनाही ‘कलिंगड फ्लेवर’ म्हटले की तीच गोळी आठवते, त्यामुळे तक्रार फारशी होत नाही.

दुसरी अडचण कॅफीनची आहे. कॅफीन मुळात कडू असते. मूळ पेयात ही कडू बाजू भरपूर साखर, सायट्रिक आम्लाचा आंबटपणा आणि बबलगमसारखा तीव्र फळांचा वास यांच्या आड लपवली जाते. कलिंगडाचा वास स्वभावतः सौम्य असल्यामुळे त्याच्या आड कडूपणा तितकासा लपत नाही. आमच्या मते ज्यांना मूळ रेड बुल जास्त उग्र वाटते त्यांना हा कॅन आवडण्याची शक्यता अधिक आहे, आणि ज्यांना ती उग्र चवच हवी असते ते दोन घोटांनंतर पुन्हा निळ्या कॅनकडे वळतात.

पहिल्यांदा चाखताना कसे प्यावे?

चांगले थंड करून, पण बर्फ न घालता. थंडपणामुळे जिभेला गोडी कमी जाणवते आणि गॅसही पेयात टिकून राहतो. तेच पेय कोमट झाले की गोडवा अंगावर येतो आणि गॅस गेल्यावर कडूपणा उघडा पडतो. बर्फाने पेय पातळ होते आणि कलिंगडाचा सौम्य वास आधी हरवतो. शक्य असल्यास कॅनला तोंड न लावता पेय काचेच्या ग्लासात ओतावे. जिला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग खरे तर वास असतो, आणि कॅनच्या अरुंद तोंडातून तो नाकापर्यंत नीट पोहोचत नाही.

तिखटजाळ मिसळीनंतर लगेच नवी चव पारखू नये. तोंड पोळलेले असताना गॅसचे आंबट पेय जिभेला आणखी झोंबते, आणि दोष पेयाला जातो. दोन चवींची तुलना करायची असेल तर मध्ये साधे पाणी प्यावे आणि दोघांनी एक-एक कॅन अर्धा-अर्धा वाटून घ्यावा, म्हणजे एका बैठकीत दोन चवी कळतात आणि प्रत्येकाच्या पोटात एकाच कॅनचे कॅफीन जाते.

आपल्याकडे कलिंगडावर मीठ भुरभुरण्याची सवय असल्याने काही ग्राहक या पेयातही मीठ-लिंबू घालून मागतात. हा प्रयोग अगदीच वेडेपणाचा नाही, कारण चिमूटभर मीठ कडूपणा दाबते. मात्र मीठ थेट कॅनमध्ये टाकू नये. फेस उसळून निम्मे पेय काउंटरवर सांडते. ग्लासाच्या तळाशी आधी मीठ टाकून वरून पेय हळूहळू ओतावे.

नव्या चवीत कॅफीन जास्त असते का?

नाही. भारतात कॅफीनयुक्त पेयांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, मर्यादा घालून दिली आहे. अशा पेयात एका लिटरला किमान १४५ आणि कमाल ३०० मिलिग्रॅम कॅफीन असले पाहिजे. याचा अर्थ २५० मिलिलिटरच्या कोणत्याही कॅनमध्ये, त्याची चव आणि कंपनी कोणतीही असो, ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन असू शकत नाही. परदेशात याच आकाराच्या रेड बुलमध्ये ८० मिलिग्रॅम असते, त्यामुळे इंटरनेटवर दिसणारा आकडा आणि आपल्या कॅनवरील आकडा यांत थोडा फरक आढळतो.

चवीपेक्षा आकाराकडे लक्ष द्यावे. ३५० मिलिलिटरच्या मोठ्या कॅनमध्ये हीच मर्यादा १०५ मिलिग्रॅमपर्यंत जाते आणि पिणारा मात्र ‘मी एकच कॅन घेतला’ असे समजतो. अंदाजासाठी सांगायचे तर मोठ्या कपभर चहात साधारण ५० आणि कपभर फिल्टर कॉफीत साधारण ९० मिलिग्रॅम कॅफीन असते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफीन चिंतेचे नाही असे मत दिले. दिवसातून सहा कप चहा पिणाऱ्याने त्या हिशेबात कॅन मोजताना चहाही मोजावा. आपल्याकडे चहा कोणी मोजतच नाही.

स्वस्त एनर्जी ड्रिंकच्या २० रुपयांच्या लाल बाटलीत आणि या महागड्या कॅनमध्ये फरक काय?

कॅफीनच्या बाबतीत फार नाही, कारण दोघांना कायद्याची मर्यादा एकच आहे. फरक चवीच्या घडणीत, गॅस किती टिकतो यात, इतर घटकांत आणि ब्रँडच्या किमतीत आहे. ‘स्वस्त आहे म्हणजे सौम्य असेल’ हा समज विद्यार्थ्यांत फार आढळतो आणि तोच आम्हाला अधिक धोक्याचा वाटतो. किंमत कमी असल्याने दुसरी बाटली सहज उघडली जाते.

साखर किती असते? शुगरफ्री घेतल्यास प्रश्न सुटतो का?

मूळ चवीच्या २५० मिलिलिटर कॅनमध्ये सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे सहा ते सात चमचे साखर असते आणि फळांच्या चवींतही ती साधारण त्याच घरात राहते. नेमका आकडा हातातील कॅनच्या पोषण तक्त्यात पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार दिवसभराची वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या, आत. ती दुसरी मर्यादा एका कॅनमध्येच ओलांडली जाते. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून आम्ही केवळ कॅनकडे बोट दाखवणे योग्य नाही, हेही सांगितले पाहिजे. उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासातील साखर याहून कमी नसते.

शुगरफ्री प्रकारात साखरेऐवजी कृत्रिम गोडी देणारे पदार्थ असतात आणि त्यांची नावे लेबलवर लिहिणे बंधनकारक आहे. मधुमेहींना साखरेपुरता त्याचा उपयोग होतो. कॅफीन आणि आंबटपणा मात्र तेवढाच राहतो. या पेयांची आम्लता दातांच्या आवरणाची झीज करण्याइतकी तीव्र असते, म्हणून एकच कॅन तासभर घोट-घोट पीत बसू नये आणि प्यायल्यावर लगेच दात न घासता आधी पाण्याने चूळ भरावी.

टॉरिन बैलापासून काढतात म्हणे. मग हे पेय शाकाहारी आहे का? उपवासाला चालते का?

टॉरिन हा पदार्थ १८२७ मध्ये पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळा करण्यात आला आणि अफवेचे मूळ तेथेच आहे. आज पेयांत वापरले जाणारे टॉरिन कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होते. आपल्या शरीरातही ते बनते. खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे कॅनवरील हिरव्या ठिपक्याची खूण पाहणे.

उपवासाला काय चालते हे प्रत्येक घराच्या रीतीवर अवलंबून आहे आणि त्यात आम्ही पडत नाही. नवरात्रात दिवसभर निराहार राहून अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहणाऱ्यांनी मात्र रिकाम्या पोटी हे पेय घेऊ नये. छातीत धडधड, हाताला कंप आणि पित्त यांचा त्रास रिकाम्या पोटी लवकर होतो. त्यापेक्षा लिंबू सरबत घ्यावे.

तालमीला जाण्यापूर्वी किंवा शाहू स्टेडियमवर सामन्याआधी घेतले तर फायदा होतो का?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक येतो, आणि त्याचे उत्तर कॅनवरच छापलेले आहे. भारतीय नियमांनुसार अशा पेयांवर लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता, कॅफीनचा त्रास होणाऱ्या व्यक्ती आणि खेळाडू यांच्यासाठी हे पेय शिफारस केलेले नाही, अशी सूचना द्यावी लागते. जाहिरातीत खेळाडू झळकत असताना पाठीमागे बारीक अक्षरांत ही सूचना असावी, याची अनेकांना गंमत वाटते, आम्हालाही वाटते.

कॅफीनमुळे खेळातील कामगिरी सुधारू शकते, हे खोटे नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, २००४ मध्ये कॅफीनला बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीतून काढले, त्यामुळे नियमभंगाचाही प्रश्न नाही. परंतु बहुतेक अभ्यासांत वापरलेली मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला ३ ते ६ मिलिग्रॅम अशी आहे. सत्तर किलोच्या फुटबॉलपटूला यातील किमान मात्रा गाठायची तर २१० मिलिग्रॅम कॅफीन लागेल, म्हणजे जवळपास तीन कॅन, आणि कॅनवर तर दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये असे लिहिलेले असते. म्हणजे सूचना पाळली तर ती मात्रा मिळत नाही आणि मात्रा गाठली तर सूचना मोडते. शिवाय खेळाडूंसाठी बनवलेल्या पेयांत साखर साधारण ६ ते ८ टक्के ठेवतात. येथे ती ११ टक्क्यांच्या आसपास असल्याने पेय पोटातून हळू पुढे सरकते, आणि त्यात गॅस असतो. पोट डबडबलेले असताना एप्रिलच्या उन्हात नव्वद मिनिटे धावणे किंवा लाल मातीत खडाखडी करणे सुखाचे नाही.

घामाने गेलेले पाणी आणि मीठ या पेयाने पुरेसे भरून येत नाही. पाणी, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत आणि व्यायामानंतर गंगावेशच्या कट्ट्यावरचे दूध हा जुना क्रम आजही अधिक शहाणपणाचा आहे. पैलवानांच्या थंडाईशी या कॅनची बरोबरी करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की थंडाईत बदाम आणि दूध असते. या पेयातून खुराक म्हणावे असे काही मिळत नाही.

रात्री जागून अभ्यास, रात्रपाळी किंवा लांबचा प्रवास असेल तर?

मेंदूत थकव्याची जाणीव करून देणारे अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य दिवसभर साठत जाते. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसते. थकवा तसाच असतो, फक्त त्याची जाणीव लांबते. प्यायल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात परिणाम शिखरावर पोहोचतो आणि शरीरातील निम्मे कॅफीन जायला सरासरी पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कॅनचे अर्धे कॅफीन पहाटे तीनला अंगात असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप तासाभराहून अधिक कमी झाल्याचे दिसले. परीक्षेच्या आदल्या रात्री ही झोप गमावणे परवडणारे नाही.

गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी घ्यायचेच असल्यास पाळीच्या सुरुवातीला घ्यावे, पहाटे नव्हे. अन्यथा सकाळी घरी गेल्यावर डोळा लागत नाही. महामार्गाने पुण्याकडे किंवा बेळगावकडे निघालेल्यांना झोप येऊ लागली तर गाडी बाजूला सुरक्षित ठिकाणी लावून कॅन प्यावा आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून पडावे. डुलकी संपेपर्यंत कॅफीनचा परिणाम सुरू झालेला असतो. पिऊन लगेच गाडी हाकत राहणे धोक्याचेच आहे.

शाळेतील मुलांना एखादा कॅन द्यायला काय हरकत आहे?

हरकत आहे. प्रौढांचे माप मुलांना लागू होत नाही. युरोपीय प्राधिकरणाने मुलांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम कॅफीनचा निकष सुचवला आहे. पंचवीस किलोच्या मुलाचा दिवसभराचा कोटा एका कॅनमध्ये संपतो, आणि चहा व चॉकलेट तर वेगळेच. जुलै २०२४ मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या परिसरात जास्त कॅफीनची पेये विकण्यास बंदी घालण्याचा निर्णय विधान परिषदेत जाहीर केला होता. आमचा नियम त्याहून सोपा आहे: गणवेशातील मुलाला हा कॅन आम्ही देत नाही. ‘पप्पांसाठी पाहिजे’ असे सांगितले तरी पप्पांनाच यावे लागते.

आणखी कोणी टाळावे?

उच्च रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, तीव्र पित्ताचा विकार किंवा घाबरेपणाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही प्रतिजैविके आणि गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे कॅफीन शरीरातून हळू बाहेर पडते. दम्यासाठी थिओफिलीन घेणाऱ्यांना दोघांचा एकत्रित त्रास होऊ शकतो.

दारूत मिसळून प्यायल्यास?

मिसळू नये. कॅफीनमुळे नशेची गुंगी कमी जाणवते, पण रक्तातील मद्याचे प्रमाण कमी होत नाही. माणसाला आपण शुद्धीत आहोत असे वाटत राहते, तो आणखी पितो आणि गाडीही चालवतो. याच कारणासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये कॅफीन घातलेली मद्ये बनवणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला होता.

जीएसटी कमी झाला तरी कॅन स्वस्त का झाला नाही?

कारण या पेयांवरील एकूण कर कमी झालेलाच नाही. कॅफीनयुक्त पेयांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १२ टक्के भरपाई उपकर लागत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि जीएसटीचा दर ४० टक्के झाला. बेरीज तीच आहे. बिस्किटांचा कर कमी झाला म्हणून कॅनचाही झाला असावा, असे समजून घासाघीस करणाऱ्या ग्राहकांना आम्ही हाच हिशेब सांगतो.

गाडीत तापलेला किंवा उघडलेला कॅन नंतर प्यावा का?

बंद कॅन थोडा वेळ तापला तर पेय लगेच खराब होत नाही, पण वारंवार तापल्याने सुगंधी द्रव्ये मंदावतात आणि कलिंगडाच्या चवीत हा फरक इतर चवींपेक्षा आधी कळतो. असा कॅन फ्रिजमध्ये हळूहळू थंड करावा. घाईने फ्रीझरमध्ये ठेवून विसरल्यास आतील पाणी गोठून प्रसरण पावते आणि कॅन फुटतो. उघडलेला कॅन झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवसापर्यंत पिण्याजोगा राहतो, मात्र गॅस गेलेला असतो. बाहेर उघडा राहिलेला कॅन ओतून द्यावा. आत मुंग्या शिरल्या आहेत की नाही हे कॅनमध्ये दिसत नाही.